दोन एकरांत चौघांचं भागतं का?

आलेल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं जोडपं, दोघंही नोकरीत, मुलं नऊ आणि चार वर्षांची, शिल्लक 35 लाख. दापोली-गुहागरकडे दोन एकर घ्यायची, येत्या जूनमध्ये दोघांनी राजीनामे द्यायचे आणि तीन वर्षांत धान्य, भाजी, दूध, अंडी, तेल, गॅस सगळं घरचं करायचं. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांचा पाच माणसांना दहा गुंठ्यांचा हिशोब वाचलाय, तेव्हा दोन एकर म्हणजे त्याच्या आठपट, पुरायलाच हवी. शेवटच्या दोन ओळी ताईंच्या दिसतात: "सगळ्याचा शेवट माझ्या स्वयंपाकघरात होणार अशी भीती वाटते. खरं काय ते सांगा."

आम्ही ठाणं सोडून 2009 साली दापोली तालुक्यात आलो. तेव्हा आमच्या वहीतही असंच सगळं लिहिलेलं होतं, गोबर गॅससकट. म्हणून हसत नाहीये. पण ती वही आता कोंबड्यांचा हिशोब लिहायला वापरते, हेही खरं.

दाभोळकरांपासून सुरू करते. त्यांचं गणित चुकीचं नाही. पानावर पडणारा सूर्यप्रकाश मोजून, दर चौरस फुटात किती हिरवं उभं राहू शकतं ते पाहून त्यांनी ते मांडलं. त्यातली अट मात्र वाचणारे विसरतात. रोज, झाडागणिक, हातात वही घेऊन बघणारा माणूस त्या दहा गुंठ्यांत उभा असतो. नव्या माणसाच्या हातात पहिली पाच वर्षं जमीन निम्मंच देते. आम्हाला पहिल्या वर्षी गुंठ्याला दहा किलोसुद्धा भात झालं नव्हतं, शेजारच्या काकांना त्याच पावसात 25 झालं. तेच बियाणं, मध्ये फक्त एक बांध.

जमिनीच्या कागदांबद्दल फार लिहीत नाही, ते वकिलाचं काम आहे. शेतकरी असल्याचा दाखला दादांच्या, म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या, साताऱ्याच्या सातबाऱ्यावरून निघेल, तो आधी काढून ठेवा. त्याशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन नावावर होत नाही. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही देवाघरी. सगळ्यांच्या सह्या होतील असं एजंट सांगेल. सह्या झाल्यावर पैसे, त्याआधी नाही. इतर हक्काचा रकाना वाचा, कुळाचं नाव तिथे असतं. मोजणी करून घ्या. आणि रस्ता गाव नकाशावर दिसतो का ते बघा. "पूर्वापार इथूनच जातात" हा रस्ता नव्हे, ती शेजाऱ्याची मर्जी आहे.

आता पाणी. इथे थांबून वाचा.

जमीन बघायला लोक दिवाळीच्या सुट्टीत येतात. तेव्हा कोकण नवरीसारखं नटलेलं असतं, ओढा वाहत असतो, विहीर काठोकाठ. आम्हीही नोव्हेंबरातच बघितली. विहिरीत डोकावले, पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि बयाणा देऊन मोकळे झाले. पुढच्या वर्षी 20 एप्रिलला पहाटे पोहरा सोडला तर खाली गेलेला दोर सैल पडला आणि दगडावर डबा आपटल्याचा आवाज आला. त्या आवाजानं माझी झोप पुढचा दीड महिना गेली. घरापासून वाडीची विहीर अर्धा किलोमीटर. डोक्यावर कळशी, काखेत कळशी, आठ खेपा. लावलेली 60 काजूची कलमं त्या उन्हाळ्यात जगवायची म्हणून आम्ही आंघोळी एक दिवसाआड केल्या. त्यातली 22 जगली.

इथे पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर येतो, याचं पुण्याच्या माणसाला आश्चर्य वाटतं. इथला जांभा दगड म्हणजे चाळणी. वरून ओतलेलं खाली जातं आणि खालून खाडीला. म्हणून जमीन बघायची ती 15 मे नंतर. दुपारी बारा वाजता विहिरीत टॉर्च मारा, पाणी हातानं मोजा, मग संध्याकाळपर्यंत पंप चालवून किती उतरतं आणि सकाळपर्यंत किती चढतं ते बघा. मालक नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. पोफळी (सुपारीची झाडं) बघून भुलू नका, ती शेजारच्या पाटाच्या पाण्यावरही उभी असू शकते.

छपराचं पाणी साठवा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हंगामात साडेतीन लाख लिटर पडतं. सगळं कोण साठवणार? पण चौघांच्या पिण्या-रांधण्याला दिवसाला 40 लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना पाच हजार लागतात. दहा हजार लिटरची झाकलेली टाकी असली की निदान कळशी डोक्यावर येत नाही. झाडांचं वेगळं. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकनंसुद्धा रोज 40 लिटरच्या आसपास द्यावं लागतं. तुमच्या यादीत वीस माड आहेत. करा गुणाकार.

धान्याचं गणित त्यामानानं सोपं आहे. चौघांना वर्षाला 300 किलो तांदूळ धरू. शंभर किलो भाताचे 65 किलो तांदूळ हातात येतात, म्हणजे भात लागलं 460 किलो. हात बसल्यावर गुंठ्याला 25 किलो धरलं तर अठरा-एकोणीस गुंठे. बियाणं, पाहुणे, कोंबड्या धरून 22 गुंठ्यांचं खाचर हवं. सुरुवातीला कर्जत 3 सारखं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, वाण घ्या, उशिरा येणाऱ्या गरव्या भाताला शेवटच्या पावसाची वाट बघावी लागते आणि तो पाऊस आला नाही की पळंज, म्हणजे पोकळ दाणे, पदरात पडतं. बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला चिखलणीआधी खाचरात तुडवा. भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीतलं हे एक सूत्र केलंत तरी फरक दिसेल. भात कापून झालं की त्याच ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी. त्याला वेगळं पाणी लागत नाही, राखणारा माणूस मात्र लागतो, कारण लालतोंडी माकडांचा कळप पावट्याच्या वेलावर बसला की अर्ध्या तासात दोऱ्या उरतात.

गव्हाचा नाद सोडा. पोळी पाहिजे असेल तर गहू विकत घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. नाचणी वरकस, म्हणजे हलक्या, उतारावर येते.

माझ्या मते गाडी अडते ती तेलावर, आणि तेलाचा हिशोब कुणीच करत नाही. चौघांना महिन्याला तीन किलो, वर्षाला 36. घाण्यावर शेंगदाण्याचं चाळीस टक्के तेल निघालं तर दाणे लागले 90 किलो, म्हणजे शेंगा साधारण 130 किलो. गुंठ्याला पंधरा किलो धरल्या तर नऊ गुंठे भुईमूग, तोही जानेवारी ते एप्रिल पाणी देऊन, म्हणजे नेमका विहीर खाली जाते तेव्हा. आम्ही दोन वर्षं केला. दुसऱ्या वर्षी काढणीच्या चार दिवस आधी रानडुकरं आली. सकाळी बघते तर नांगरून ठेवल्यासारखं शेत, शेंगेचं टरफलसुद्धा नाही. तेव्हापासून आमच्याकडे खोबरेल. दहा-बारा नारळांचं एक लिटर होतं, चारशे नारळ म्हणजे वर्षाचं तेल, आणि ते सहा-सात चांगले माड देतात. अडचण जिभेची. माझ्या सोलापूरच्या सासूबाईंनी खोबरेलाची भाजी पहिल्या दिवशी ताटाबाहेर सारली. आता त्याशिवाय त्यांना उसळ लागत नाही, पण सवय व्हायला सहा वर्षं लागली. तुमच्या घरात काय चालेल ते मुलांना विचारून ठरवा, वहीत नाही.

गाईचं. ऐकीव माहितीवर मी गुजरातेतून आलेली गीर घेतली, तेव्हाच्या आमच्या ऐपतीबाहेरची. पहिल्या पावसाळ्यात तिचे खूर कुजले, गोचीड-तापानं खाणं टाकलं, श्रावणात गेली. दोष गाईचा नव्हता. चार महिने ओल्यात उभं राहणं तिच्या रक्तात नाही. आता दोन कोकण कपिला आहेत. बुटक्या, चपळ, दूध वेळेला दीड-दोन लिटर, पण डोंगरावर चरून येतात आणि पावसाला भीत नाहीत. दोन्ही एकदम आटल्या की चार महिने दूध बाहेरून. पाडा झाला तर काय, हे आधी ठरवा. पॉवर टिलर आल्यापासून बैल कुणाला नकोय, विकता येत नाही, सोडून देववत नाही. आमच्याकडे एक पाडा आता अकरा वर्षांचा आहे, काहीच करत नाही, पेंढा खातो.

गोबर गॅसही याच हिशोबात बसत नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं. चरायला जाणाऱ्या दोन गावठी गाई गोठ्यात सकाळी दहा-बारा किलो ठेवतात. खड्डा आमचा अजून आहे, त्यात आता अळू छान येतं. चूल, पाणी तापवायचा बंब आणि वर्षाला चार सिलिंडर, असं चाललंय.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट दोन एकरांत पिकत नाही. ती म्हणजे हात.

22 गुंठे लावणीला दहा-बारा माणसं एक दिवस लागतात. तुम्ही दोघं केलीत तर सहा दिवस, तेही कंबर साथ देईल तर. भाताच्या रोपांचा तरवा एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की थांबत नाही, पाऊस तुमच्या सोयीनं पडत नाही. आम्ही पहिल्या वर्षी "आपलं आपण" म्हणत दोघंच उतरलो. चौथ्या दिवशी नवऱ्याला ताप. पाचव्या दिवशी पाटील काकू बांधावर येऊन उभ्या राहिल्या, इरलं डोक्यावर, काही न बोलता साडी खोचली आणि चिखलात उतरल्या. मागून आणखी सहा जणी. दुपारी तीनला खाचर हिरवं झालं होतं. मी मजुरी द्यायला पर्स काढली तर काकू म्हणाल्या, "पैसे ठेव गो. परवा आमच्यात ये." ती सावड. परवा गेले, त्यानंतर आजवर दर वर्षी जाते. आमच्या भातातला निम्मा वाटा खरं तर मी दुसऱ्यांच्या शेतात लावलेला असतो.

म्हणून तुमच्या योजनेतला मला खटकलेला शब्द "स्वयंपूर्ण" आहे. इथल्या बोलीत तो नाहीच. इथे म्हणतात बेगमी. पावसाच्या आधी चार महिन्यांचं भरून ठेवायचं: लाकडं, शेणी, पेंढा, मीठ, सुकट, आमसुलं, पापड, तांदूळ कणगीत, कुळीथ राखेत. बेगमी एका घराची असते, पण ती होते वाडीच्या जोरावर. माझ्याकडे कोकम, काकूंकडे चिंच. एकाचा बैल, दुसऱ्याचा टिलर. पोफळीवर चढणारा गावात एकच, त्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही. तुम्ही जी एकांडी, गडग्याच्या आत बंद अशी दोन एकर मनात बघताय, तशी जागा विकायला भरपूर आहे. स्वस्तही असते. वस्तीपासून तीन किलोमीटरवर, "निसर्गाच्या कुशीत". घेऊ नका.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा हे चांगलंच कळलं. सकाळी अकरानंतर जे सुरू झालं ते दुपारी चारपर्यंत. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एका दिशेला झोपल्या. आमच्या 140 पोफळींतल्या नऊ उभ्या राहिल्या, माड अकरा गेले, गोठ्याचं छप्पर शेजाऱ्याच्या परड्यात. मग 26 दिवस वीज नाही. सौर पॅनल होतं आमचं, त्यावर आंब्याची फांदी पडलेली. पंप बंद, मोबाईल बंद. काकांच्या विहिरीवर जुना रहाट होता, आम्ही सगळे त्यांना "काढा तो सांगाडा" म्हणायचो. वाडीतली चौदा घरं महिनाभर त्या रहाटावर जगली. घराघरातून जे होतं ते एकत्र आलं, आणि छपरं सगळ्यांनी मिळून घातली, ज्याच्या घरात तान्हं मूल त्याचं आधी. पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं लागतात. आमची आता कुठे धरू लागली आहे.

ताई, आता तुमच्या दोन ओळी.

हो, सगळ्याचा शेवट स्वयंपाकघरात होतो. शेतात पिकतं ते टोपलीत येतं आणि टोपली कुणीतरी ओट्यावर ठेवून अंघोळीला जातं. एका भाद्रपदात आमच्याकडे चाळीस तवशी (मोठ्या काकड्या) आली. एकेक तीन-तीन किलोचं. वेलाचं कौतुक गावभर झालं, फोटो निघाले. किसत मी बसले. धोंडस झालं, थालीपिठं झाली, शेजारी वाटून झाली, उरलेली गाईंना घातली आणि त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की मी ठाण्याला चालले. गेले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घरात नियम झाला: ज्यानं टोपली आणली त्यानं निवडायची, धुवायची आणि त्याचं काय होणार तेही त्यानंच सांगायचं. पुढच्या वर्षी तवशाचे वेल आपोआप दोनावर आले. दूध काढणं, ताक घुसळणं, मासळी साफ करणं आता त्याच्याकडे. वाळवणं माझ्याकडे, कारण मला आवडतात. भात पुरेसं वाळलं का ते दाताखाली दाणा फोडून बघायचं असतं. "कट्" असा आवाज आला की बास, त्याहून जास्त वाळवलं तर गिरणीत कणी होते. ऑक्टोबरच्या उन्हात खळ्यावर उभं राहून दाणा फोडायचं काम मी कुणाला देत नाही. तुम्हालाही एक-दोन कामं अशी सापडतील. बाकीची कागदावर लिहून दोघांत वाटा, जमीन घ्यायच्या आधी.

मुलांच्या शाळेचं: चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा उत्तम, शिक्षक नावानिशी ओळखतात. आठवीनंतर प्रवास आहे, एसटीच्या वेळांवर घर चालेल. तुमचा मोठा नऊचा आहे, म्हणजे हे फार लांब नाही.

दवाखाना किती मिनिटांवर आहे ते गाडी चालवून मोजा, नकाशावर नको. पेंढ्याच्या उडवीत, लाकडांच्या ढिगात फुरसं, हा विषारी साप, असतो. चावलं तर चिरा-बिरा न देता, मांत्रिक न शोधता सरळ जिथे प्रतिविष आहे त्या सरकारी दवाखान्यात. लावणीच्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढायचा नाही, "चिखलात काम करतो" हे डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार लवकर होतो.

पैशांचं शेवटी लिहितेय, कारण त्यात ठाम आहे. दोघांनी एकदम राजीनामे देऊ नका. काजूचं कलम हाताला लागायला तीन-चार वर्षं, माडाला पाच-सात. तोवर शाळा, पेट्रोल, विमा, औषधं, फोन यांना रोख लागते आणि ती जमिनीतून येत नाही. आम्हाला पहिली सहा वर्षं कुणी तारलं असेल तर नवऱ्याच्या पंप दुरुस्तीनं. पाच गावांत तो एकटाच रिवाइंडिंग करणारा. शेतीनं तितकं कधीच दिलं नाही, आजही माझी कलमांची रोपवाटिका आणि कोकम आगळ धरूनही जेमतेम बरोबरी होते. तेव्हा 35 लाखांतले निम्म्याहून जास्त जमीन आणि घरात घालू नका. एकाचा पगार तीन वर्षं चालू राहू दे, आणि दोघांपैकी कुणाच्या हातात गावाला लागणारं काय कसब आहे ते शोधा. इलेक्ट्रिकचं काम, शिवण, हिशोब, शिकवणी, काहीही चालेल. गावात माणूस त्याच्या कामानं ओळखला जातो. "पुण्याहून आलेले" ही ओळख पुसायला तोच रस्ता आहे.

जमीन घ्यायच्या आधी एक वर्ष वाडीतलं एखादं घर भाड्यानं घ्या. पाच गुंठे खाचर अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, करा. लावणी, कापणी, डिसेंबरात वणव्यासाठी जाळरेषा काढणं आणि मे महिना, एवढं एकदा अंगावरून जाऊ दे.

आणि बघायला यायचं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात या, मुलांना घेऊन. आंबे संपत आलेले असतात, पण फणस असतो. आमची लाकडं त्याच आठवड्यात माळ्यावर चढवायची असतात आणि पाटील काकूंचं घर शाकारायचं असतं. जुने कपडे आणा. विहिरीत डोकवायला टॉर्च माझ्याकडे आहे.